शाईचं बोट

जुन्नर,
22 डिसेंबर 2022

प्रिय सुन्या,

ग्रामपंचायत निवडणुकीची ड्युटी करून आलो आणि फोनवर तुझा पहिला प्रश्न काय, तर "किती मिळाले रे?" घरी हिनंही तेच विचारलं. मिळालं मानधन, सही घेऊन पाकिटात दिलं. पण दोन प्रशिक्षणं, दोन दिवस आणि मधली एक रात्र असा हिशोब लावलास तर कांदे लावायला गेलेलं परवडलं असतं. आदेश आला तेव्हा मी ड्युटी रद्द करायच्या खटपटीत होतो, हे तुला ठाऊकच आहे. पाठदुखीचं सर्टिफिकेटही खिशात होतं. साहेबांनी त्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

शनिवारी साहित्य ताब्यात घेतलं. मशीन, शाई, याद्या, लाख, मेणबत्ती, लिफाफे आणि त्या लिफाफ्यांत घालायचे आणखी लिफाफे. एसटीनं उसातल्या रस्त्यानं गावात सोडलं. मुक्काम शाळेतच, सतरंजीवर. "रात्री बाहेर जायचं तर एकटं जाऊ नका, बिबट्या फिरतोय," असं सांगून कोतवाल निवांत घरी गेला. मग काय, लघवीलासुद्धा आम्ही सगळे मिळून!

मी मतदान अधिकारी क्रमांक दोन. म्हणजे नोंदवहीत सही-अंगठा घ्यायचा आणि डाव्या तर्जनीला शाई लावायची. साडेसातला थंडीत रांग लागली ती दुपारपर्यंत हटली नाही. यंदा सरपंच पुन्हा थेट जनतेतून, त्यामुळे चुरस मोठी. सरपंचाची मतपत्रिका फिकी निळी, सदस्यांच्या आरक्षणाप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या. त्या प्रभागात तीन सदस्य, म्हणजे एकेकानं चार बटणं दाबायची.

एक आजी एकच बटण दाबून बाहेर निघाल्या. मशीन गप्प. म्हटलं, "आजी, अजून तीन राहिली." तर म्हणतात, "मला एकच सांगितलंय!" पडद्याआड जाऊन आम्ही दाखवू शकत नाही. केंद्राध्यक्ष बाईंनी लांबूनच 'नोटा', म्हणजे कुणीच पसंत नसल्याच्या बटणापर्यंत सगळं समजावलं. आजी पुटपुटत परत गेल्या. चारही मतं पडून मशीनची लांब शिट्टी वाजली तेव्हा दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी एकदमच हसले. सकाळपासून एकमेकांकडं बघत नव्हते बेटे.

दुपारी एक माणूस आला. डाव्या हाताची तर्जनी कडबाकुट्टीत गेलेली. मी शाईची काडी हातात धरून बघतच राहिलो. नियम प्रशिक्षणात सांगितला होता, त्याच हाताचं दुसरं बोट चालतं, पण ऐन वेळी आठवेना. त्यानंच मधलं बोट पुढं केलं. "लावा गुरुजी, दर वेळी हेच असतं."

साडेपाचला बाईंनी रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या वाटल्या, शेवटच्या माणसाला पहिल्या क्रमांकाची. म्हणजे मागून कुणी घुसायला नको. डोकं लागतं रे याला! तेवढ्यात एक पोरगा ट्रॅक्टरवरून उडी मारून पळत आला. दोनच मिनिटं उशीर. भांडला नाही. पोलिसाशेजारी उभा राहून आत बघत होता, मी मान खाली घालून अंगठे घेत राहिलो.

सील, लाख, सह्या, मग तालुक्याला जमा करायची रांग. घरी पोचायला मध्यरात्र उलटली.

शाई माझ्याही तीन बोटांना लागलीय. साबण, रॉकेल, लिंबू, सगळं करून झालं. आज वर्गात एका कार्ट्यानं विचारलं, "गुरुजी, तुम्ही तीनदा मत टाकलं का?"

तुझा,
बाळ्या