तांदळाच्या डब्यातली वायर

डोंबिवली
१३ ऑक्टोबर २०२४

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, मी ठीक आहे. बाबा, फोनवर तुम्ही "बरा आहेस ना, थांब, आईला देतो" म्हणता आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितोय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरी बाबांनी स्वतः वाचायचा हट्ट करू नये. आई, तू वाचून दाखव.

दसऱ्याच्या पूजेचा फोटो आत्याने दाखवला असेलच. पाटावर बाबांनी दिलेला टेस्टर, आपट्याची पानं आणि मागे तो काळा डबा. तो नवा कॉम्प्युटर आहे आणि तो गेम खेळायला घेतलाय. ऑफिसच्या कामाला घेतला असं सांगायचं एकदा मनात आलं होतं, आईला ते पटलंही असतं. पण बारावीच्या त्या वर्षानंतर या एका विषयावर तुमच्याशी खोटं बोलायचं नाही हे मी ठरवलंय. एकूण ६४,८०० रुपये गेले. कर्ज नाही, हप्ता नाही. दोन वर्षं दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकत होतो. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे वेगळ्या एफडीत आहेत, त्यातल्या रुपयालाही हात लावलेला नाही. हे वाक्य आई, दोनदा वाच.

शुक्रवारी रात्री दहाला मी बसतो, तेव्हा मस्कतला साडेआठ झालेले असतात आणि दादा जेवून बसलेला असतो. आम्ही दोघं गाड्यांच्या शर्यती लावतो. एरवी फोनवर आमचं तीन मिनिटांत संपतं. खेळताना दीड तास बोलतो, तेही एकमेकांकडे न बघता, लहानपणी ओटीवर पत्ते खेळताना बोलायचो तसं. परवा त्याने खूप वर्षांनी अण्णांचा विषय काढला. तो तिथे खुशाल आहे, काळजीचं काही नाही. फक्त त्याला माझ्याशी बोलायला काहीतरी हातात लागतं, आणि मलाही.

आता बाबा, हा भाग तुमच्यासाठी. एकही पार्ट मी डोळे मिटून घेतलेला नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, कॉम्प्युटरच्या पार्टांच्या बाजारात, तीन शनिवार गेलो. पहिल्या दोन वेळा फक्त भाव काढले, काही घेतलं नाही.

सगळ्यात आधी पॉवर सप्लाय ठरवला, म्हणजे आतल्या सगळ्या पार्टांना वीज देणारा डबा. लोक तो शेवटी घेतात, उरलेल्या पैशात. कॅबिनेटबरोबर, म्हणजे बाहेरच्या खोक्याबरोबर, फुकटही मिळतो, वर ४५० वॅट छापलेला. मी तो हातात घेऊन बघितला. तुम्ही दुकानात वाइंडिंगला आलेली मोटार उचलून म्हणायचात ना, "तांबं कमी घातलंय, वजनच सांगतंय", तसाच हलका लागला. मी ४,३०० रुपयांचा ५५० वॅटचा घेतला, ब्राँझ रेटिंगचा, म्हणजे वीज कमी वाया घालवतो असा शिक्का असलेला. माझा सगळा लोड भर खेळात अडीचशे वॅटच्या आसपास जातो, म्हणजे तो निम्म्यावर चालतो. तापत नाही, आणि निम्म्या लोडवर वीजही कमीत कमी वाया जाते. तीन तास खेळलो तर पाऊण युनिट. गीझर वीस मिनिटं लावला तर जवळपास तेवढंच जातं, आणि मी थंड पाण्याने आंघोळ करतो.

प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, 'रायझन ५ ५६००' घेतला, सहा कोरचा, म्हणजे एकात सहा मेंदू असल्यासारखा. त्याच्याबरोबर पंखा खोक्यातच येतो, वेगळा घ्यावा लागत नाही. त्याहून नव्या पिढीचा मिळत होता, पण त्याला मदरबोर्डही (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो बोर्ड) नवा लागतो आणि रॅमही (चालू कामाची मेमरी) नवी, महाग. सगळं मिळून बारा-तेरा हजारांचा फरक पडत होता. गेममध्ये चित्र काढायचं खरं काम ग्राफिक्स कार्ड करतं, म्हणून ते पैसे तिकडे वळवले. आणि या जुन्या सॉकेटच्या बोर्डावर पुढेमागे आठ कोरचा प्रोसेसर बसतो. तुम्ही देशपांडे काकूंच्या पंपाला केलंत तेच, बॉडी तीच ठेवायची आणि वाइंडिंग नवं भरायचं.

ग्राफिक्स कार्डावर मात्र माझा आठवडा गेला. १९,५०० चं आरएक्स ६६००, आठ जीबीचं. एवढी एकच वस्तू इतकी महाग आहे हे लिहितानाही आईचा चेहरा डोळ्यांपुढे येतोय. सेकंडहँड एक ११ हजारांत मिळत होतं, याहून वरचं मॉडेल. पण २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या डिजिटल चलनाची पद्धत बदलली आणि कार्डांवर ते चलन खणणं बंद पडलं. त्याआधी रात्रंदिवस राबवलेली खूप कार्डं तेव्हापासून बाजारात आली आहेत. मी ते कार्ड हातात घेतलं, बोटाने पंखा फिरवला, तो किंचित घासत होता. मग नाकाजवळ नेलं. विकणारा हसला, पण मला तुम्ही मोटारीच्या जळक्या वार्निशचा वास घेताना दिसलात. वास काही नव्हता. बिलही नव्हतं. ठेवून आलो. नव्याला तीन वर्षांची वॉरंटी आहे. एके ठिकाणी बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील म्हणाले, तिथून उठलो. सगळी बिलं फाइलमध्ये लावलेली आहेत, तुम्ही याल तेव्हा दाखवतो.

रॅम सोळा जीबी, पण एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घेतल्या, कारण दोन्हीतून एका वेळी माल वाहतो. बाकी कॅबिनेट साधंच. रंगीत दिव्यांचं दीड हजाराने महाग होतं, ते सोडलं. मॉनिटर चोवीस इंची. खोकी घेऊन टॅक्सीने सीएसएमटीला गेलो आणि तिथून सुटणारी स्लो लोकल धरली, म्हणजे बसायला मिळालं. मॉनिटर मांडीवर ठेवून डोंबिवलीपर्यंत. बाबा, २००६ साली तुम्ही एसटीत तो जाड काचेचा मॉनिटर असाच मांडीवर घेऊन आला होतात. शर्टाला घामाचे डाग पडले होते आणि आईने आधी मॉनिटरला ओवाळलं, मग तुम्हाला पाणी दिलं.

त्याच रात्री जोडायला बसलो. सगळं बसलं, बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले आणि स्क्रीन काळीच. पुन्हा दाबलं, पुन्हा काळी. दोन वाजले होते. वाटलं, दोन वर्षांचे पैसे बुडाले. तुम्हाला फोन करावा असं फार वाटलं, हातात घेतलाही होता. मग तुमचं आठवलं, "आधी सप्लाय, मग कनेक्शन, मग मोटार खोल." सप्लाय येत होता. मग एकेक वायर काढून लावत गेलो. मॉनिटरची केबल मी बोर्डाच्या सॉकेटमध्ये लावली होती. या प्रोसेसरच्या पोटात चित्र काढायची सोयच नाही, ती केबल कार्डातच लागायला हवी. लावली आणि उजेड झाला. खोलीत एकटा होतो तरी मोठ्याने "बाबा, लागला" म्हणालो.

त्या वर्षी तुम्ही कॉम्प्युटरची वायर काढून तांदळाच्या डब्यात ठेवली होतीत. मला दुसऱ्याच दिवशी सापडली होती. आई, तुला ते माहीत होतं आणि तू बोलली नाहीस. मी रोज ती लावायचो आणि तुम्ही दुकानातून यायच्या आत परत पुरून ठेवायचो, तांदूळ वरून सारखे करून. मार्च जवळ आल्यावर तुम्ही डबा उघडलात आणि काही न बोलता परत बंद केलात. तेव्हा मी ओरडून जे बोललो, ते मी विसरलेलो नाही. त्याची माफी कधी नीट मागितली नाही. आत्ता मागतो.

आता माझी काळजी करू नका. खेळ फक्त शुक्रवारी रात्री आणि रविवारी दुपारी. साडेअकराला बंद म्हणजे बंद. पाठीला टेकू असलेली खुर्ची आहे. डबा घोणे काकूंकडून येतो, भाकरी असते, पालेभाजी असते. आई, तुझं कुळथाचं पीठ अजून अर्धी बरणी आहे, रविवारी पिठी करतो.

पण तुमचं काय? बाबा, एनॅमलची तार तुम्ही आता बोटाने चाचपून तिचं गेज, म्हणजे जाडी, सांगता हे मी गणपतीत बघितलं. मायक्रोमीटर जवळ असून उचलला नाहीत, कारण त्यावरचे आकडे दिसत नाहीत. तुमच्या हाताला तोड नाही, ते सगळं चिपळूण जाणतं. पूर ओसरल्यावर गावभरच्या मोटारी तुम्हीच तर उभ्या केल्यात. पण डोळ्याचं ऑपरेशन आता पुढे ढकलायचं नाही. तुळशीचं लग्न झालं की लगेच, १८ नोव्हेंबर, सोमवार. इथेच. मी तारीख घेतलेली आहे, रजाही टाकली आहे. अर्ध्या तासाचं काम, त्याच दिवशी घरी. मग महिनाभर थेंब, डोळ्याला पाणी लावायचं नाही, वाकून मोटार उचलायची नाही. दुकान बंद राहिलं तर राहू दे. आई, तू बीपीची गोळी चतकोर करून खातेस हे मला आत्याने सांगितलं. पूर्ण खायची. आणि फराळाचे डबे काढायला स्टुलावर चढू नकोस, मी ३० तारखेला सकाळच्या गाडीने येतोय, मी काढीन.

रागावून लिहिलेलं नाही हे. कॉम्प्युटर आधी आणि डोळा नंतर असं झालं, ते मला टोचतंय. तुम्ही उन्हाळ्यात हो म्हणाला असतात तर उलट झालं असतं, पण तो दोष तुमचा नाही, मीच नेट लावायला हवा होता.

एक काम आहे बाबा. या खोलीतल्या टेबलाजवळच्या पॉइंटला अर्थिंग नाही. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या, तुमच्या टेस्टरने बघितलं तर दिवा लागला. घरमालकांना सांगून वायरमन आणला, पण चांगलं अर्थिंग फक्त स्वयंपाकघराच्या दारापाशी मिळालं. कॉम्प्युटरबरोबर आलेली वायर तिथवर पोचत नाही, सध्या एक्स्टेन्शन बोर्ड लावलाय. तो तुम्हाला चालणार नाही, मला माहीत आहे. जुन्या कॉम्प्युटरची ती वायर, तुम्ही तीन कोरची लांब जोडून दिलेली, पुरातून तेवढीच वाचली होती. दुकानात वरच्या खिळ्याला टांगलेली असते. तिचं टोक याला बसतं, मी बघितलंय. मेगर लावून तिचं इन्शुलेशन तपासा आणि ठीक असेल तर १८ तारखेला येताना पिशवीत घाला.

तुमचा,
बंटी