कर्मचाऱ्याच्या तक्रारीला पोच मिळाली पाहिजे : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : महाविद्यालयांतील शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या भेदभावविषयक तक्रारींची दखल घेण्याची व्यवस्था.

महोदय,

सविनय नमस्कार.

राज्यातील महाविद्यालयांत काम करणाऱ्या शिक्षकांना आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना जात, लिंग, दिव्यांगत्व किंवा नेमणुकीचा प्रकार यांवरून जी वेगळी वागणूक मिळते, तिच्याबद्दल हे पत्र आहे. कायद्यांची वानवा आहे असे मी म्हणत नाही. कायदे आहेत, विनियम आहेत, शासन निर्णय आहेत आणि बहुतेक महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर समित्यांच्या याद्याही आहेत. माझे म्हणणे असे की कर्मचाऱ्याची तक्रार समितीच्या टेबलावर येण्याआधीच जिरते, आणि ती जिरू नये यासाठी जे करायला हवे ते प्रामुख्याने आपल्या विभागाच्या हातात आहे. एका अनुदानित महाविद्यालयात मी दीर्घकाळ शिकवत आहे आणि लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर कामही केले आहे. पुढे मांडलेल्या बऱ्याच गोष्टी त्या कामात जवळून पाहिलेल्या आहेत.

कारखान्यातल्या कामगाराला कामगार न्यायालयाचा जो रस्ता आहे, तो शिक्षकाला नाही. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये असा निर्णय दिला की शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार ठरत नाही. आपल्याकडे त्याच्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये वेगळी सोय आहे : कलम ७९ खाली तक्रार निवारण समिती आणि कलम ८० खाली विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण. पण न्यायाधिकरणात अपील करायचे तर बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा पदोन्नतीत डावलले जाणे असे काही घडून गेलेले असावे लागते. भेदभाव बहुधा त्याच्या कितीतरी आधी, रोजच्या कामकाजात होत असतो. सकाळचा पहिला आणि दुपारचा शेवटचा तास वर्षानुवर्षे एकाच शिक्षिकेच्या वेळापत्रकात येतो. स्थाननिश्चितीचा, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीत जाण्याचा, प्रस्ताव प्रत्येक वेळी एखाद्या किरकोळ त्रुटीसाठी परत येतो, आणि ती त्रुटी आधीच्या वेळी कोणी दाखवलेली नसते. प्रयोगशाळा परिचर म्हणून नेमलेल्या माणसाला स्वच्छतागृहाच्या साफसफाईला पाठवले जाते आणि त्याच पदावरच्या दुसऱ्याला कधीच पाठवले जात नाही; दोघांत फरक फक्त आडनावाचा असतो. यांतली एकही गोष्ट सुटी घेतली तर तिला प्रशासकीय सोय म्हणता येते. सगळ्या एकत्र ठेवल्या की काय चालले आहे ते कळते, पण त्या एकत्र ठेवायच्या तर कुठेतरी नोंद हवी, आणि ती नोंदच होत नाही.

नोंद कशी होत नाही तेही सांगते. लेखी अर्ज घेऊन कर्मचारी कार्यालयात जातो. आवक-जावक पाहणारा लिपिक अर्ज वाचतो, शिक्का उचलत नाही आणि म्हणतो, “साहेबांना विचारून घेतो, तोवर तुमच्याकडेच ठेवा.” हा लिपिक दुष्ट नसतो. त्याची वेतनवाढही त्याच टेबलावरून मंजूर होत असते. संध्याकाळपर्यंत कोणीतरी ज्येष्ठ सहकारी निरोप घेऊन येतो की एवढ्यासाठी कागद कशाला, सरांशी बोलून घ्या, घरातली गोष्ट घरात राहू द्या. अर्ज पिशवीतून घरी परत जातो. वर्षअखेरीला समितीच्या अहवालात “प्राप्त तक्रारी : निरंक” असे लिहिले जाते आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीच्या वेळी हाच निरंक आकडा सलोख्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. महोदय, ज्या महाविद्यालयात शंभरावर माणसे काम करतात तिथे वर्षानुवर्षे एकही तक्रार येत नसेल, तर आपल्या विभागाने त्या आकड्याचे कौतुक न करता त्याची चौकशी करावी.

लैंगिक छळाच्या बाबतीत या टाळाटाळीचे परिणाम फारच गंभीर होतात, कारण तिथे कायद्याने मुदत घातली आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला आळा घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करावी लागते. समितीला कारणे नोंदवून आणखी तीन महिने वाढवून देता येतात, त्यापुढे नाही. “जरा थांबा, परीक्षा संपू द्या” असे सांगून घालवलेला प्रत्येक आठवडा त्या मुदतीतून वजा होत असतो. चौकशी ९० दिवसांत, त्यानंतर १० दिवसांत अहवाल आणि अहवालावर ६० दिवसांत कार्यवाही, हा पुढचा सगळा क्रम चांगला आहे. पण अर्ज स्वीकारलाच गेला नाही तर तो सुरूच होत नाही.

समितीच्या रचनेबद्दलही स्पष्ट लिहिणे भाग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत अशी तरतूद आहे की कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांच्यासारख्या वरिष्ठ प्रशासकीय पदांवरील व्यक्ती अंतर्गत समितीच्या सदस्य असू नयेत, म्हणजे समितीची स्वायत्तता टिकेल. कागदावर ही तरतूद पाळली जाते. पण पीठासीन अधिकारी, म्हणजे समितीची प्रमुख, म्हणून नेमलेल्या प्राध्यापिकेचा स्वतःचा स्थाननिश्चितीचा प्रस्ताव प्राचार्यांच्या सहीसाठी पडून असेल, तर त्या स्वायत्ततेचा उपयोग किती? म्हणून बाहेरच्या सदस्याला महत्त्व आहे, आणि नेमकी तीच जागा सर्वांत हलक्या हाताने भरली जाते. संस्थाचालकांच्या परिचयातले कोणीतरी, बहुतेकदा संस्थेच्याच दुसऱ्या शाखेतले कोणीतरी, अशासकीय संघटनेच्या नावाने बसवले जाते. २०१३ च्या नियमांत बाहेरच्या सदस्याला कामकाजाच्या दिवसाला २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च ठरवलेला आहे. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात जिल्ह्याहून जाणकार वकील किंवा कार्यकर्ती यावी, दिवसभर जबाब ऐकावेत, पुन्हा पुढच्या तारखेला यावे आणि हे सारे २०० रुपयांत व्हावे, ही अपेक्षा वाजवी नाही. नियमात बदल केंद्राने करायचा आहे, पण अनुदानित महाविद्यालयांसाठी त्यावर भर घालायला राज्याला कोणी अडवलेले नाही.

याच कायद्यातली आणखी एक तरतूद महाविद्यालयांत जवळजवळ कोणाला ठाऊक नसते. तक्रार खुद्द नियोक्त्याविरुद्ध असेल, तर ती अंतर्गत समितीकडे नव्हे, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. संस्थेच्या पदाधिकाऱ्याविरुद्ध बोलायला घाबरणाऱ्या शिक्षिकेला हे एक वाक्य वेळेवर कळले तर पुष्कळ फरक पडेल. समितीच्या सदस्यांची नावे दर्शनी भागात लावणे कायद्याने बंधनकारक आहेच. त्याच फलकावर स्थानिक समितीचा पत्ता आणि दूरध्वनीही असावा.

आरोप ज्याच्यावर आहे त्याच्या बाजूनेही याच व्यवस्थेकडे पाहावे लागते. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या, समितीने चौकशी केली आणि त्यांना सेवेतून दूर करण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे आव्हान फेटाळले. मात्र १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली, कारण एका टप्प्यानंतर चौकशी इतक्या घाईने उरकली गेली होती की बचावाची वाजवी संधी मिळाली नव्हती, आणि न्यायालयाने प्रकरण त्याच टप्प्यापासून पुन्हा चालवण्यासाठी समितीकडे परत पाठवले. तक्रारीला तेव्हा चौदा वर्षे झाली होती. त्या विद्यार्थिनींचे शिक्षण संपून आयुष्य कुठल्या कुठे गेले असेल, आणि संबंधित प्राध्यापकाचा दोष सिद्धही झाला नाही, फेटाळलाही गेला नाही. याच निकालात न्यायालयाने कायद्याच्या अंमलबजावणीतील त्रुटींबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली आणि सर्व सरकारी विभाग व विद्यापीठांसह अनेक संस्थांत समित्या कायद्याप्रमाणे स्थापन झाल्या आहेत की नाही हे तपासायला सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये, स्थानिक समित्या स्थापन करणारे जिल्हा अधिकारी नेमण्यासाठी न्यायालयाला पुन्हा मुदत घालून आदेश द्यावे लागले. चौकशी कशी करायची याचे प्रशिक्षण नसलेल्या समितीच्या हातात प्रकरण दिले की नुकसान दोन्ही पक्षांचे होते, हे आमच्या शेजारच्याच विद्यापीठातून आपल्याला दिसले आहे. तक्रारीची प्रत, साक्षीदारांची यादी, उत्तराला पुरेसा वेळ आणि प्रत्येक बैठकीचे त्याच दिवशी लिहिलेले इतिवृत्त, इतके पाळले तरी पुष्कळ प्रकरणे न्यायालयात टिकतील. नॅकच्या तोंडावर चार बैठकांची इतिवृत्ते एका बैठकीत टंकलिखित करण्याची पद्धत आपल्याकडे सर्वांना माहीत आहे, म्हणून हे लिहावे लागते.

जातीवरून होणाऱ्या भेदभावाच्या तक्रारीला एवढीही चौकट नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समतेसंबंधी जे विनियम केले त्यांचा रोख विद्यार्थ्यांवर होता. शिक्षकाला किंवा शिपायाला एका टोकाला अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलीस ठाणे आहे आणि दुसऱ्या टोकाला गप्प बसणे आहे. मधली पायरी नाही. बिंदुनामावली, म्हणजे राखीव पदांची क्रमवार नोंद, तपासून घेतली, मागासवर्ग कक्षाची मोहर आणली, की सामाजिक न्याय झाला असे संस्था धरून चालतात. नामावली नेमणुकीच्या दिवसापुरती पाहते; नेमणुकीनंतरची तीस वर्षे पाहणारे कोणी नाही. राखीव जागेवर आलेल्या सहकाऱ्याला शिक्षककक्षात सहज म्हणून ऐकवली जाणारी वाक्ये, परीक्षेच्या जबाबदारीच्या कामांतून त्याचे नाव वगळले जाणे, गोपनीय अहवालात कारण न देता उतरवलेली श्रेणी, या गोष्टी फौजदारी गुन्ह्याच्या व्याख्येत बसतीलच असे नाही, पण माणसाला आतून मोडायला त्या पुरेशा असतात.

आता ज्यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते त्यांच्याविषयी. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, काम करणारे शिक्षक आज अनेक महाविद्यालयांत अर्ध्या अध्यापनाचा भार उचलतात. त्यांचा आदेश सत्रापुरता असतो. पुढच्या सत्राचा आदेश मिळेल की नाही हे ज्यांच्या मर्जीवर आहे, त्यांच्याविरुद्ध किंवा त्यांच्या जवळच्या माणसाविरुद्ध हे शिक्षक तक्रार करतील ही अपेक्षाच चुकीची आहे. तक्रार केलीच, तर कोणी त्यांना काढून टाकत नाही. पुढचा आदेश फक्त निघत नाही. बडतर्फी झालेली नसल्याने अपिलाचा मार्गही अरुंद होतो. गरोदर शिक्षिकेच्या बाबतीत हेच घडते. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील कामगार स्त्रियांना प्रसूतीचे लाभ मिळालेच पाहिजेत असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले; तरीही पीएच.डी. झालेली, नेट उत्तीर्ण असलेली तासिका तत्त्वावरची शिक्षिका सातव्या महिन्यापर्यंत शिकवते आणि मग यादीतून निघून जाते. लैंगिक छळविरोधी कायद्याने हंगामी, रोजंदारीवरील आणि कंत्राटदारामार्फत आलेल्या व्यक्तींनाही कर्मचारी मानले आहे. कंत्राटावरच्या सफाई कामगार महिलेला हे सांगायचे कोणी, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

दिव्यांग सहकाऱ्यांसाठी २०१६ च्या कायद्यात समान संधी धोरण आणि तक्रार निवारण अधिकारी यांची तरतूद आहे, आणि शासकीय अनुदान घेणाऱ्या संस्था त्या कायद्याच्या कक्षेत येतात. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितले आहे. आपल्या विभागाने एकदा फक्त एवढेच विचारून पाहावे की किती महाविद्यालयांनी या अधिकाऱ्यांची नावे विभागाच्या सहसंचालकांना कळवली आहेत.

माझ्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. भेदभाव किंवा छळाचा कोणताही लेखी अर्ज त्याच दिवशी आवक क्रमांकासह स्वीकारलाच पाहिजे, आणि कार्यालयाने तो नाकारल्यास सहसंचालक कार्यालयाला पाठवलेला ई-मेल हीच त्या तारखेची पोच मानली जाईल, असा शासन निर्णय काढावा. समितीवरील बाहेरचा सदस्य संस्थेने निवडायचा असला तरी तो सहसंचालकांनी जाहीर केलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींच्या यादीतून निवडावा आणि त्याचे मानधन शासनाने द्यावे. जातीय भेदभावाच्या सेवाविषयक तक्रारींसाठी कलम ७९ च्या समितीपुढे वेगळी नोंदवही आणि वेगळी मुदत असावी. तक्रारदार तासिका तत्त्वावरील शिक्षक असेल आणि त्या विषयाचा कार्यभार शिल्लक असेल, तर पुढील सत्रात त्याला आदेश न देण्याची कारणे लेखी देणे बंधनकारक करावे. आणि ज्या संस्था हे पाळणार नाहीत त्यांचे वेतन अनुदान कृपया रोखू नये. त्याची झळ त्याच कर्मचाऱ्यांना बसते ज्यांच्यासाठी हे सारे करायचे. त्याऐवजी त्यांच्या नवीन अभ्यासक्रमांचे आणि वाढीव तुकड्यांचे प्रस्ताव थांबवावेत. संस्थाचालकांना ती भाषा लगेच समजते.

येत्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या सत्राआधी यांपैकी निदान पहिली मागणी मान्य व्हावी, अशी विनंती आहे. त्यासाठी कायद्यात बदल लागत नाही, विधिमंडळाचे अधिवेशन लागत नाही. आपल्या विभागाचे एका पानाचे परिपत्रक पुरते.

आपली नम्र,
एका अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापिका