हजेरीत थांबलेल्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

परवा ऐरोलीच्या मार्केटमध्ये एक गोष्ट घडली आणि घरी येऊन मी खूप रडले. ती शेवटी सांगते. आधी सांगितली तर बाकीचं लिहून व्हायचं नाही.

निकालाच्या दिवशी तुमच्यासमोर उभी राहिले तेव्हा तोंडातून 'थँक्यू बाई' एवढंच निघालं. मागे पालकांची रांग होती, तुम्हालाही बोलायला उसंत नव्हती. जे राहून गेलं ते आज लिहिते आहे, आणि सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही मुलाच्या प्रवेशासाठी बऱ्याच शाळांचे उंबरे झिजवले. 'स्वमग्न', म्हणजे ऑटिझम असलेला, म्हटलं की फॉर्म भरणाऱ्याचं पेन थांबायचं. एका ठिकाणी सांगितलं, जागा भरल्या. त्याच आठवड्यात आमच्या नणंदेच्या ओळखीतल्या मुलीला तिथेच प्रवेश मिळाला. दुसरीकडे म्हणाले, 'अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात हो.' तिसऱ्या शाळेनं घेतला. तिथे दीड वर्ष हजेरीपटावर त्याचं नाव सगळ्यांच्या खाली होतं, आणि पेन्सिलनं लिहिलेलं होतं. विचारलं तर उत्तर मिळालं, 'बघू ना, जमतंय का.' तो मागच्या बाकावर बसायचा, शेजारी आम्ही पगार देऊन ठेवलेली ताई आणि समोर रंगवायचं पुस्तक. बाकीची मुलं धडा वाचत असायची आणि माझा मुलगा तेच फुलपाखरू चौथ्यांदा रंगवत असायचा. त्या शाळेच्या माहितीपत्रकावर 'समावेशक शिक्षण' असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं. ते आठवलं की अजूनही माझा संताप होतो.

कायदा मला गरजेपोटी पाठ झाला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हतीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले, त्यात ती आली. त्याच कायद्याचं कलम १६ सांगतं की सरकारमान्य आणि अनुदानित शाळांनी भेदभाव न करता अशा मुलांना प्रवेश द्यायचा आणि ज्याला जी सोय लागेल ती करून द्यायची. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत शिक्षण मोफत. तेही जवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, हे त्या मुलानं ठरवायचं, शाळेच्या ऑफिसनं नाही. ही पानं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी दारोदार फिरत होते.

तुमच्याकडेही तोच फोल्डर छातीशी धरून आले होते, भांडायच्या तयारीनं. तुम्ही तो बाजूला ठेवायला लावलात आणि विचारलंत, 'घरी याला काय हाक मारता?'

बाई, चार वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.

जूनमध्ये सुरुवातीचे दिवस मी वर्गाबाहेर पॅसेजमध्ये बसायचे, म्हणून हजेरी ऐकायला मिळाली. ३८ मुलं. 'हजर बाई', 'हजर बाई' असं सरसर चाललेलं असायचं. पहिल्या दिवशी तुम्ही त्याचं नाव घेतलंत आणि थांबलात. पेन पटावर टेकवलेलं, नजर त्याच्याकडे, पण रोखलेली नाही. एक मुलगा म्हणाला, 'बाई, तो बोलत नाही.' तुम्ही म्हणालात, 'माहीत आहे मला. तो त्याच्या पद्धतीनं सांगेल. आपण थांबू.' आणि वर्ग थांबला. मग तुम्ही 'उद्या परत विचारीन हं' म्हणून पुढचं नाव घेतलंत.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. मला बाहेर बसून घाम फुटायचा. वाटायचं, कशाला थांबता, लावा ना हजेरी, समोर दिसतोय तो. नवव्या दिवशी आतून आवाज आला. बाकावर बोटाची गाठ दोनदा वाजली. टक, टक. तुम्ही 'हजर' म्हणालात, पेनानं खूण केलीत आणि पुढचं नाव घेतलंत. टाळ्या वाजवायला लावल्या नाहीत. वाजवल्या असत्या तर त्यानं कान झाकून घेतले असते आणि पुन्हा बाक वाजवला नसता, हे तुम्हाला नऊ दिवसांत कळलं होतं.

१९९४ साली स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ देशांच्या प्रतिनिधींनी मिळून मांडलं की साध्या शाळांनीच सगळ्या मुलांना सामावून घ्यावं, शाळेनं मुलाप्रमाणे बदलावं, मुलाला शाळेच्या मापात कापू नये. मी ते वाचलं होतं. पण म्हणजे नेमकं काय करायचं, ते त्या पॅसेजमध्ये बसून समजलं.

बेरीज शिकवतानाही तुम्ही त्याला वेगळं पान दिलं नाहीत. त्याला लोकलचं वेड आहे हे कळल्यावर सगळ्या वर्गालाच ठाणे-वाशी लाइन दिलीत. 'ऐरोलीला बसलो, तीन स्टेशनं गेलो, कुठे उतरलो?' सगळी पोरं ओरडायची, 'कोपरखैरणे!' तुम्ही फळ्यावर स्टेशनं लिहिलीत तेव्हा तो उठून आला आणि ठाणे नि ऐरोलीच्या मधे बोट ठेवून उभा राहिला. दिघा गाव राहिलं होतं. तुम्ही 'अरे हो, चुकलं माझं' म्हणून ते लिहून घेतलंत. त्या दिवशी घरी आल्यावर तो तासभर एकटाच हसत होता.

आणि शिपाईकाका! घंटा द्यायच्या आधी ते तुमच्या वर्गाच्या खिडकीशी येऊन हात वर करायचे, म्हणजे तो कान झाकून घ्यायचा. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. एकदा त्याला दचकताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. चांगुलपणा एका वर्गात आला की व्हरांड्यापर्यंत पोचतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तरी एक बोलते, रागावू नका. ३८ मुलं आणि तुम्ही एकट्या, त्यात मधूनमधून येणाऱ्या विशेष शिक्षिकेची मदत. तुमचा घसा बसलेला मी ऐकलाय, डबा न खाता उरलेला पाहिलाय. माझ्या मुलाला तुम्ही मिळालात हे आमचं भाग्य, पण कुठल्याही मुलाचं शिकणं भाग्यावर असू नये. तिसरीला कोण बाई येतील या काळजीनं मला आत्तापासून झोप लागत नाही. जमलं तर त्यांना एवढंच सांगून ठेवा, की त्याच्या नावाशी थोडं थांबा.

आता मार्केटचं. कैऱ्यांच्या गाडीशी उभे होतो. तुमच्या वर्गातली दोन वेण्यांवाली मुलगी आजीबरोबर आली. तिनं त्याला पाहिलं. हाक मारली नाही, हातही धरला नाही. गाडीच्या लाकडी कडेवर बोटाची गाठ दोनदा वाजवली. माझा मुलगा बाजारात मान वर करत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्यानं हातातली कैरी खाली ठेवली आणि गाडीवर दोनदा वाजवलं.

आजी म्हणाली, 'हे काय गं?'

ती म्हणाली, 'काही नाही आजी, तो हजर आहे म्हणाला,' आणि कैऱ्या निवडायला लागली.

तुमची ऋणी,
तुमच्या दुसरीच्या वर्गातल्या एका मुलाची आई
ऐरोली, नवी मुंबई