ताई, तुम्ही जमिनीवर पालथ्या झोपलात म्हणून

ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. सात महिन्यांपूर्वी मी जिथे होते तिथे आजही कुणीतरी बसलं असेल. समोर सुजलेले डोळे मिटून बसलेलं कासव, आणि काय चुकतंय ते काही केल्या कळत नाही.

आमचं कासव हर्मन जातीचं, म्हणजे जमिनीवर राहणारं. भावाचं घर बदललं तेव्हा ते माझ्याकडे आलं आणि सोबत त्याचा सगळा सरंजामही आला: काचेची पेटी, लाल बल्ब, खाली लाकडाचा भुसा आणि पेटीच्या बुडाला चिकटवलेली तापणारी चटई. ते दिवसभर काचेला लागून चालत राहायचं आणि मला ते खेळकर वाटायचं. तुम्ही पाच मिनिटं नुसतं बघत बसलात आणि म्हणालात, "अगं, ते फिरत नाहीये, वाट शोधतंय. पलीकडचं दिसतं, पण मधली काच त्याला कळत नाही." मग नाकावरची सोललेली कातडी दाखवलीत. रोज हातात घेऊनही माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं.

मग गुडघ्यांचं दुखणं असताना तुम्ही चक्क जमिनीवर पालथ्या झोपलात, हनुवटी फरशीला टेकवून पेटीत पाहिलंत, आणि पर्समधून लांब वायरचा थर्मामीटर काढून त्याचं टोक भुशावर, अगदी कासवाच्या पाठीच्या उंचीला ठेवलंत. काचेच्या वरच्या कडेला मी चिकटवलेला थर्मामीटर ३० दाखवत होता. तुमचा २३ वर थांबला, तोही बल्बच्या बरोबर खाली. "ते ज्या हवेत राहतच नाही ती हवा तू मोजते आहेस," असं तुम्ही म्हणालात. त्या दिवसापासून घरातली प्रत्येक गोष्ट मी आधी खाली वाकून बघते.

कासवाला अंगात ऊब तयार करता येत नाही. ते उन्हात जाऊन तापतं, सावलीत जाऊन निवतं. म्हणून त्याला एकच एक तापमान देऊन भागत नाही: दिव्याखाली ३२ ते ३५ अंश, दुसऱ्या टोकाला २० ते २२, आणि मध्ये चालायला पुरेसं अंतर. हे आखूड पेटीत बसणारच नव्हतं. तुमच्या सांगण्यावरून जुन्या लाकडी कपाटाची दारं काढली, ते पाठीवर आडवं झोपवलं आणि आतून जाड प्लॅस्टिक अंथरलं. सहा फूट लांब, वरून उघडं, चारही बाजूंना लाकूड. काचेवर नाक घासणं पहिल्याच दिवशी संपलं. दिवा साखळीने टांगायला लावलात, चिमट्यावर भरवसा ठेवायचा नाही, कारण गरम दिवा पडला तर आग लागते. तापणारी चटईही तुम्हीच ओढून काढलीत. ऊन वरून येतं, आणि खूप तापलं की कासव मातीत शिरतं. तिथे खालूनच चटका बसला तर त्याने जायचं कुठे?

आता कवचाबद्दल. तुम्ही माझा अंगठा धरून त्याच्या मागच्या कडेवर टेकवलात. कड किंचित दबली. त्या वयाच्या कासवाचं कवच टणक हवं. पेटी खिडकीत होती, म्हणजे ऊन मिळतंच आहे, अशी माझी खात्री होती. पण ज्या किरणांची त्याला गरज असते ते अतिनील बी किरण, युव्हीबी, खिडकीची काच अडवते. ते कातडीवर पडले की शरीरात ड३ जीवनसत्त्व बनतं आणि ड३ असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. नाहीतर शरीर ते हाडांतून ओढून घेतं. आणि कवच म्हणजे हाडच, त्याचा कणा आणि फासळ्या त्यात जुळलेल्या असतात. हे तुम्ही मला दवाखान्यात वाट बघताना सांगितलंत. तपासणीच्या खोलीतही तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात. डॉक्टरांनी औषधं दिली आणि युव्हीबीची ट्यूब लगेच लावायला सांगितली. ती बसवल्यावर तिच्या टोकाला तुम्ही मार्करने तारीख घातलीत. ट्यूबचा उजेड तसाच दिसत राहतो, पण आतले किरण महिन्यागणिक कमी होत जातात, त्यामुळे ती चालू असली तरी ठरल्या मुदतीला बदलायची. मध्ये जाळी नको, कारण तीही बरेचसे किरण खाते.

दिव्यांबद्दल सगळेच बोलतात. मला मात्र मातीचं मोल जास्त वाटतं. पाठीवर डोंगरासारखे उंचवटे येतात ते जास्त प्रथिनं खाल्ल्यामुळे, असं मला सांगण्यात आलं होतं. आफ्रिकन सुल्काटा कासवांच्या पिल्लांवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रथिनांपेक्षा हवेतल्या ओलाव्याचा परिणाम कितीतरी मोठा दिसला होता, हे तुमच्याकडून कळलं. माझा कोरडा भुसा नेमकं उलट काम करत होता. आता साधी माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा चुरा), चांगली वीतभर. पाणी कोपऱ्यांत ओतायचं म्हणजे तळ ओला राहतो आणि वरचा थर कोरडा. मूठभर दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी टपकू नये. आहेत ते उंचवटे आयुष्यभर राहणार, हे तुम्ही न लपवता सांगितलंत, त्याबद्दलही आभार. नवीन वाढीच्या कडा आता सपाट येत आहेत.

खाण्याचं तुम्ही दोन वाक्यांत संपवलंत: रानटी पाला आणि जास्वंदीची पानं द्यायची, फळं बंद. आणि कोमट पाण्यात, हनुवटीपर्यंत, वीस मिनिटं अंघोळ. त्या पाण्यातच ते पितं आणि पांढरट लघवी करून मोकळं होतं.

नव्या घरातली पहिली रात्र तुम्हाला आठवत असेल. त्याला लपायला म्हणून आडवी पुरलेली कुंडी रिकामी, कासव कुठेच नाही. रात्री अकराला घाबरून तुम्हाला फोन केला. "माती उकरू नकोस," तुम्ही म्हणालात. "त्याला आज पहिल्यांदा झोपायला जागा मिळाली आहे." मी दिवे बंद केले, पण झोप काही लागली नाही. सकाळी दिवा लागल्यावर साधारण तासाभराने कुंडीमागची माती हलली. आधी डोकं वर आलं, कपाळावर मातीचा ओला ठिपका. मग ते सावकाश दिव्याखाली आलं, मागचे दोन्ही पाय लांब ताणले, मान पुढे टाकली आणि डोळे उघडे ठेवून पडून राहिलं. दोन्ही डोळे, ताई. असं पसरलेलं मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. मी तिथेच फरशीवर बसून रडले.

काल वजन केलं, ४८६ ग्रॅम भरलं. तुम्ही आलात तेव्हा ४१२ होतं. मागची कड आता अंगठ्याखाली दबत नाही.

तुमचा थर्मामीटर अजून माझ्याकडेच आहे. मी स्वतःचा घेतला आहे, दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, सारखेच दाखवतात. रविवारी तो परत द्यायला येते. वजनाची वहीही आणते, तुम्हाला बघायची होती ना.

तुमची,
कासववाली