लीगचा अभिमान आणि देशाचा तोरा

महोदय,

इंग्लंडची प्रीमियर लीग मी अनेक वर्षं मन लावून पाहतो. ती जगातली सर्वोत्तम लीग आहे असं कुणी म्हटलं, तर मी वाद घालणार नाही. पण त्याला जोडून ‘म्हणजे फुटबॉल खेळावं तर इंग्लंडनेच’ असा जो सूर लागतो, तो मला मनापासून खटकतो.

२०१९ सालचं उदाहरण घ्या. चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या दोन्ही स्पर्धांच्या अंतिम फेरीत चारही क्लब इंग्लंडचे होते. इंग्लिश फुटबॉलच्या वर्चस्वाचा केवढा गाजावाजा झाला! त्या चार संघांचे प्रशिक्षक मात्र जर्मन, अर्जेंटिनी, इटालियन आणि स्पॅनिश होते. दोन सामन्यांत मिळून सात गोल झाले. ते केले सलाह, ओरिगी, जिरू, पेद्रो, हझार्ड आणि इवोबी यांनी. यात इंग्लिश नाव एकही नाही. इतकंच काय, १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून एकाही इंग्लिश प्रशिक्षकाला तिचं विजेतेपद मिळालेलं नाही.

परदेशी खेळाडूंना आवर घाला, असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्यांच्यासोबत रोज सराव करूनच साका आणि फोडेनसारखी इंग्लिश मुलं तयार झाली. अभिमान बाळगण्यासारखंही तिथे खूप आहे. देशांतर्गत प्रक्षेपणाच्या पैशातला निम्मा वाटा वीसही क्लबांना सारखा मिळतो, त्यामुळे तळाचा संघही चांगले खेळाडू घेऊ शकतो. खालच्या श्रेणीतल्या क्लबांसाठीही लोक पावसापाण्यात मैदानावर जातात. ही त्यांची स्वतःची कमाई आहे. इजिप्तच्या सलाहचा डावा पाय ही नाही.

हा तोरा जुनाच आहे. १९२८ मध्ये इंग्लंड फिफातून बाहेर पडलं आणि पहिल्या तिन्ही विश्वचषकांकडे त्याने पाठ फिरवली. १९५० मध्ये एकदाचं खेळायला गेलं, तर अमेरिकेकडून हरलं. तरीही डोळे उघडले ते २५ नोव्हेंबर १९५३ रोजी, लंडनच्या वेम्बली मैदानावर. हंगेरीच्या पुश्काशने बुटाच्या तळव्याने चेंडू अलगद मागे ओढला आणि इंग्लंडचा कर्णधार बिली राइट झेपावला तो रिकाम्या जागेत. पुढच्याच क्षणी चेंडू जाळ्यात होता. हंगेरीने तो सामना ६-३ असा जिंकला.

त्याहून वाईट वाटलं ते २०२१ मध्ये. युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सांचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या आणि समाजमाध्यमांवर त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. तिघेही इंग्लंडमध्येच जन्मलेले, तिथल्याच अकादमींत वाढलेले. साका तर जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. परदेशी खेळाडूने गोल केला की तो ‘आमचा’, आणि घरचं पोर चुकलं की परकं! याला देशाभिमान कसा म्हणायचा?

आपल्या क्रीडा पानाला एक कळकळीची विनंती. युरोपीय स्पर्धांच्या बातम्यांत ‘इंग्लंडचा डंका’ असे मथळे देऊ नयेत. क्लबचं नाव द्यावं, आणि गोल करणाऱ्याच्या नावापुढे तो ज्या देशाकडून खेळतो त्याचं नावही छापावं.

— एक फुटबॉलप्रेमी वाचक