माहितीपटांचा पडदा तालुक्यातही लागावा

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या गावातील मंगल कार्यालयात दोन दिवसांचा माहितीपट महोत्सव झाला, त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. ऊसतोड मजुरांवरील माहितीपट सुरू असताना माझ्या शेजारी बसलेल्या, अनेक हंगाम फडात काढलेल्या मावशी, पडद्यावरची बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढू लागताच नकळत पुढे सरकल्या आणि ती वर पोहोचेपर्यंत त्यांनी पदर मुठीत घट्ट धरून ठेवला. नंतरच्या चर्चेत त्यांनीच माइक मागून घेतला. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, मजुरांची टोळी जमवणारा मुकादम आणि कोपीतली, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतली बाळंतपणे यांविषयी त्या जे बोलल्या, ते समोर बसलेल्या ऊस बागायतदारांनीही शांतपणे ऐकून घेतले. एरवी हे दोघे एका छताखाली बसून बोलतात कुठे?

मुंबईत माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून भरतो, परंतु तिथवर जाणे बीड-धाराशिवच्या किती जणांना परवडते? किल्लारीचा १९९३ चा भूकंप, २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला आणावे लागलेले पाणी, हे ज्यांनी सोसले त्यांच्यासोबत बसून नातवंडांनी ते पडद्यावर पाहण्यात वेगळाच अर्थ आहे.

यासाठी प्रोजेक्टर, अंधार करता येणारे सभागृह आणि चर्चेला पुरेसा वेळ, एवढेच लागते. नगरपालिकांनी आपली सभागृहे वर्षातून दोन दिवस अशा उपक्रमांना विनाशुल्क द्यावीत, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, जि. बीड