ठसका लागणारं तेल आणि बाटलीवरची बारीक अक्षरं

माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

आईला स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलं, त्या आठवड्यात आमच्या घरी ऑलिव्ह तेलाच्या तीन बाटल्या आल्या. आणणाऱ्यांची माया खरी होती. जोडीला व्हॉट्सॲपवरचा मजकूर : रोज दोन चमचे घ्या, गाठ विरघळते. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून मागची बारीक अक्षरं वाचली. दोन बाटल्यांवर ‘पोमेस’ लिहिलं होतं.

पोमेस म्हणजे पेंड. ऑलिव्हचं तेल गाळून उरलेल्या चोथ्यातून द्रावक वापरून हे तेल काढतात, मग रिफाइन करतात. ज्या घटकांची एवढी चर्चा आहे, ते त्यात जवळजवळ उरतच नाहीत.

चर्चा मात्र निराधार नाही. ताजं एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे फळं नुसती दाबून काढलेलं, रिफाइन न केलेलं तेल प्यायलं की घशाला ठसका लागतो, तो ओलिओकँथल या घटकामुळे. तो आयब्युप्रोफेन या वेदनाशामक औषधासारखा दाह रोखतो, हे 2005 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. 2015 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की तो कर्करोगाच्या पेशींमधले लायसोसोम, म्हणजे पाचक द्रव्यांच्या पिशव्या, फोडतो आणि त्या पेशी तासाभरात मरतात. पण हे प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतलं. त्याच वर्षी स्पेनमधल्या मोठ्या आहार-अभ्यासात एक्स्ट्रा व्हर्जिन तेल खाणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग कमी आढळला. तिथेही एकूण रुग्ण फक्त 35 होत्या, आणि प्रश्न रोग टाळण्याचा होता, झालेला बरा करण्याचा नव्हे.

युरोपीय संघाने 2012 मध्ये या तेलातल्या पॉलिफेनॉलबद्दल, म्हणजे ओलिओकँथलसारख्या घटकांच्या गटाबद्दल, एकच दावा मान्य केला : रक्तातल्या स्निग्धांशांचं ऑक्सिडेशनपासून रक्षण. तोही 20 ग्रॅम तेलात किमान 5 मिलिग्रॅम हायड्रॉक्सीटायरोसॉल (त्यातलंच एक पॉलिफेनॉल) व त्याची संयुगं असतील तरच. कर्करोगाचा उल्लेखही नाही.

म्हणून मागणी अशी. तेलाचा प्रकार बाटलीच्या दर्शनी बाजूला, ठळक, राज्याच्या भाषेत छापणं सक्तीचं करा. ‘पोमेस’ पुरेसं नाही, ‘पेंडीचं तेल’ असं लिहा. एक्स्ट्रा व्हर्जिनवर फळं तोडल्याचा महिना हवा, कारण उजेड, उष्णता आणि काळ यांनी हे घटक घटत जातात. आणि कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहेच, ती विक्रेत्यांच्या व्हिडिओंनाही लावा.

आईची केमोथेरपी सुरू आहे. तिसऱ्या बाटलीतलं तेल ती कोशिंबिरीवर घेते, चव आवडते म्हणून.

आपली,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका